सव्वा तांब्याचा रोट

कानबाईचा रोट यंदा पहिल्यांदाच निंबाअप्पांच्या घरी होता, आणि गहू मोजायला बसल्यावर अप्पांनी वाटी बाजूला सारून तांब्या उचलला. सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

खानदेशातली माणसं सुरतेत येऊन किती का वर्षं होईनात, श्रावणात कानबाई घरात बसते म्हणजे बसतेच. नारळाची माता, तिला नथ, गळ्यात हार, आणि तिच्यासमोर रोट. रोटाची रीत अशी, की घराण्यात जितके पुरुष तितकी सव्वा-सव्वा मापं गहू मोजायचे, ते दळायचे, त्याच्या पुरणपोळ्या करायच्या आणि त्या फक्त भाऊबंदकीनं खायच्या. परक्याच्या तोंडी घास जाता कामा नये. शेजारी नाही, मित्र नाही, लग्न होऊन सासरी गेलेली लेकसुद्धा नाही. शिवाय अप्पांच्या घराण्यात आणखी एक कडक नियम होता. रोट त्याच दिवशी, दिवे लागायच्या आत संपला पाहिजे. उरला तर माता रुसते, आणि माता रुसली की पुढच्या वर्षी रोटाचा मान दुसऱ्या घरी जातो.

माप कशाचं घ्यायचं, ते मात्र ज्याच्या घरी रोट असेल त्यानं ठरवायचं. गेल्या साली चलथाणला सुपडूच्या घरी वाटीनं मोजले होते. सुपडू म्हणजे अप्पांचा चुलतभाऊ, तिथल्या साखर कारखान्यात नोकरीला.

"वाटी?" अप्पा म्हणाले. "आपन काय चिड्या शेतस का, वाटीनं मोजाले?"

"ओ ललितना बाप, तांब्या मोठा शे," प्रमिलाबाई म्हणाल्या. "जरा इचार करा."

पण विचार करण्यात वेळ घालवणारे ते निंबाअप्पा नव्हेत. सुरतेजवळच्या सचिन गावात लूमच्या कारखान्यात ते मास्तर होते. शंभर माग एकदम खडखडत असताना कुठल्या मागाचा कुठला दोरा तुटला, हे त्यांना चालता चालता कळायचं. त्यांनी तांब्यानं मोजायला सुरुवात केली. एकेकाचं नाव घ्यायचं, तांब्या भरून ओतायचा, वर पाव तांब्या. सुपडू झाला, विठ्ठल झाला, गणेश झाला. नोकरीसाठी पुण्याला गेलेल्या प्रशांतचं नाव घेतलं. पुतण्या योगेशच्या पाळण्यातल्या पोराचंही घेतलं, कारण पाळण्यात असला तरी पुरुष तो पुरुषच. परातीतून गहू खाली सांडायला लागले तेव्हा कुठं अप्पांचा हात थांबला. पण आता काय उपयोग? मातेच्या नावानं मोजलेलं माप मागं घेता येत नाही. शनिवारी दिवसभर घरघंटी घरघरत राहिली आणि शेवटी इतकी तापली, की ललितला तिच्यासमोर टेबलफॅन लावावा लागला.

आता खरी गोम सांगतो. निंबाअप्पांना साखर होती.

साखर म्हणजे डायबिटीस. चैत्रात कळलं. सून जयश्री एका खासगी दवाखान्यात नर्स. तिनंच रक्त तपासायला नेलं आणि तिनंच आकडा वाचून दाखवला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गोड बंद केलं, रोज चालायला सांगितलं. अप्पांनी सगळं ऐकलं आणि अगदी मन लावून पाळलं. खाण्यापिण्याच्या बाबतीत त्यांच्यात खोट काढायला जागा नव्हती. अडचण होती ती निराळीच. त्याआधी दोन महिने, योगेशच्या पोराच्या बारशात, अप्पांनी सगळ्या भाऊबंदकीसमोर छाती ठोकून एक भाषण केलं होतं. विषय होता त्यांच्या कारखान्याचा शेठ, जो बिनसाखरेचा चहा प्यायचा.

"साखर म्हंजे शेठ लोकांचा आजार," अप्पा म्हणाले होते. "गादीवर बसायचं, गल्ल्यावर हात ठेवायचा, मग होणार नाही तर काय? आपण मागावर उभं राहणारी माणसं. आपल्या रक्तात साखर शिरली तर तिथल्या तिथं जळून खाक होईल! ज्याला साखर झाली, त्यानं समजायचं, आपण कामचोर आहोत."

सगळ्या भावांनी माना डोलावल्या होत्या. टाळ्या पडल्या होत्या. आणि असं बोललेल्या माणसाला दोन महिन्यांत साखर निघाली. आता कुठल्या तोंडानं सांगायचं? अप्पांनी जयश्रीला कानबाईची शपथ घातली, की भाऊबंदकीत ही गोष्ट फुटता कामा नये.

"नाही सांगणार अप्पा," जयश्री म्हणाली. "शपथेची काय जरूर?"

"तरी घे."

तिनं घेतली. आषाढात तिनं अप्पांच्या दंडावर एक सेन्सर चिकटवला. रुपयाच्या नाण्याएवढी पांढरी चकती. सुई नको, रक्त नको, बसल्या जागी साखरेचा आकडा मोबाइलवर. आकडा फार वर गेला किंवा फार खाली आला की जयश्रीचा मोबाइल बोंब मारायचा. दवाखान्यात ड्युटीवर असताना तिचा फोन असा दिवसातून तीन-चारदा वाजायचा. अप्पांना वाटायचं, मी तर एवढं पथ्य पाळतो, मग हिचा फोन सारखा वाजतो कसा? पण हल्लीच्या यंत्रांचं असंच असतं, असं म्हणून ते सोडून द्यायचे.

रविवार उजाडला. कानबाई बसली. सुरतेच्या कोसाड भागातल्या अप्पांच्या रोहाउसच्या गच्चीवर पत्र्याखाली सतरंज्या पसरल्या, खाली स्वयंपाकघरात पोळ्यांचा सपाटा सुरू झाला. श्रावणातली उकाड्याची दुपार, अंग नुसतं चिकचिकत होतं, तरी अप्पांनी पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता. दंडावरची चकती दिसायला नको.

अप्पा बिलकूल घाबरलेले नव्हते. त्यांची योजना पक्की होती. रीतीप्रमाणे पहिला घास यजमानानं खायचा. तो एवढासा तुकडा मोडून खायचा, लगेच उठायचं आणि वाढायला लागायचं. वाढणाऱ्या माणसाचं ताट कोण बघतो? तूप वाढा, कटाची आमटी वाढा, भोपळ्याची भाजी वाढा, ह्याला आग्रह करा, त्याला करा. बघता बघता रोट संपेल, मान राहील आणि साखरही जागची हलणार नाही. सकाळची गोळी तर त्यांनी घेतलीच होती. वर खबरदारी म्हणून न्याहारीला दांडी मारली होती.

"जेवल्याशिवाय गोळी घ्यायची नसते अप्पा," असं जयश्री हजारदा सांगायची. पण ते साध्या माणसांसाठी, असं अप्पांचं मत होतं.

पंगत बसली. पुढच्या रांगेत सगळे भाऊ. सुपडू, विठ्ठल, गणेश, आणि त्यांच्या जोडीला, वयानं लहान असला तरी अंगानं दांडगा पुतण्या योगेश. अप्पांनी ठरल्याप्रमाणे पहिला तुकडा तोंडात टाकला, "कानबाई माता की जय" म्हटलं आणि पोळ्यांची टोपली उचलली.

"चला, होऊ द्या सुरुवात! सुपडू, आखो एक ले."

"अजून पहिलीच चालू शे, भाऊ."

अप्पा पुढं सरकले. विठ्ठलच्या ताटात पोळी जशीच्या तशी. "काय रे, जेवस का नही?"

"दाढ दुखी राहिनी," विठ्ठलनं गाल धरला. "चावता येत नही."

"पुरणपोळीला कसले दात लागतात? दुधात कुस्कर अन् गीळ!"

विठ्ठलनं दुसरा गाल धरला. अप्पा गणेशकडं वळले. गणेशला सकाळपासून ॲसिडिटी होती. योगेश जिम लावून बसला होता आणि त्याच्या ट्रेनरनं म्हणे गव्हाला हात लावू नको असं बजावलं होतं.

"ट्रेनर काय आपल्या भाऊबंदकीतला आहे का?" अप्पा ओरडले.

"नाही ना काका."

"मग त्याचं रोटाच्या बाबतीत काय चालतं? खा!"

योगेशनं एक तुकडा मोडला, तोंडापर्यंत नेला आणि तिथंच धरून ठेवला.

पहिल्यांदा अप्पांना बरंच वाटलं. जो तो आपल्या ताटात मान घालून बसलेला, त्यामुळं यजमान जेवला की नाही, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. पण खालून पोळ्यांची दुसरी टोपली आली. मग तिसरी आली. मग ललित एक मोठं पातेलं घेऊन आला आणि म्हणाला, "मम्मी विचारते, वरच्या टोपल्या रिकाम्या का येत नाहीत? खाली ठेवायला जागा उरली नाही."

अप्पांनी टोपल्या मोजल्या. तांब्याचं माप होतं ते. पोळ्या काही थोड्याथोडक्या नव्हत्या. आणि एवढी मोठी भाऊबंदकी एकेका पोळीपुढं अशी बसली होती, जणू कुणी औषध पाजतंय. आपल्या घरच्या पहिल्याच रोटाला पोळ्या उरल्या, असा उद्या लिंबायतपासून उधन्यापर्यंत सगळ्या सुरतेत बोभाटा होणार. अप्पांनी बाह्या सावरल्या आणि आग्रहाला सुरुवात केली. त्यांनी सुपडूच्या ताटात दोन पोळ्या आपटल्या.

सुपडूही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्यानं हात जोडले. "भाऊ, तू मोठा. तू जेवल्याशिवाय मी कसा जेवू? तूच ले." आणि एक पोळी अप्पांसाठी मांडलेल्या ताटात टाकली.

"अरे मी वाढतोय!"

"मग विठ्ठल, तू तरी ले. तू त्या दिवशी म्हणे, पुरणपोळी म्हणजे तुझा जीव की प्राण." दुसरी पोळी विठ्ठलच्या ताटात गेली.

विठ्ठलनं ती गणेशकडं सरकवली, कारण गणेशला लहानपणी कुणी गोड दिलं नव्हतं. गणेशनं ती योगेशला दिली, कारण योगेश तरणाताठा. योगेशनं उठून मोठ्या आदरानं ती निंबाकाकांच्या ताटात ठेवली आणि वर त्यांच्या पाया पडला. अप्पांनी ती पोळी ओळखली. एका बाजूनं करपलेली होती. पाच मिनिटांपूर्वी त्यांनीच ती सुपडूला वाढली होती! सगळ्या पंगतीत फिरून, प्रत्येकाच्या प्रेमाचं तूप अंगाला लावून ती घरी परत आली होती.

तेवढ्यात शेजारच्या रमिलाबेन जिन्यातून डोकावल्या. बाई दिलदार, घरात काही बनलं की वाटी घेऊन हजर. तुपाचा वास थेट त्यांच्या ओट्यापर्यंत गेला होता.

"निंबाभाई, शुं बनाव्युं? अमने प्रसाद नहीं?"

अप्पांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. समोर पोळ्यांचा डोंगर, दारात भुकेली शेजारीण, आणि द्यायची सोय नाही. "रमिलाबेन, आज नाही. आज आमचं फक्त घरच्यांचं असतं. उद्या या, उद्या तुम्हाला भजी, श्रीखंड, काय म्हणाल ते."

"काले?" रमिलाबेननी टोपल्यांकडं बघितलं, मग अप्पांकडं. एवढ्या पोळ्या असून माणूस एक देत नाही, म्हणजे कंजूषपणाची कमाल झाली, हे त्यांच्या चेहऱ्यावर साफ लिहिलेलं होतं. त्या गेल्या. अप्पांनी कपाळावर हात मारून घेतला.

"अप्पा, फ्रीजमध्ये ठेवू थोड्या," ललित हळूच म्हणाला. "उद्या खाऊ."

"दिवे लागायच्या आत संपल्या पाहिजेत! आपल्या घराण्याची रीत आहे ती. तू खा ना, तुला काय धाड भरलीय?"

"मी सात खाल्ल्या अप्पा," ललित म्हणाला, आणि त्याचा चेहराच सांगत होता की तो खरं बोलतोय.

आणि नेमक्या त्याच घटकेला जिन्यात मोबाइल वाजला. टिंव टिंव टिंव! सेन्सरची बोंब. अप्पा होते तिथं थिजले. हातातली टोपली कलंडली. त्यांना वाटलं, संपलं सगळं! तो एवढासा तुकडा, पण शेवटी त्यानंच घात केला.

जयश्री मोबाइल घेऊन गच्चीवर आली. पदर कमरेला खोचलेला, हाताला पीठ, कपाळावर घाम. तिनं पडद्याकडं बघितलं, पंगतीकडं बघितलं आणि सुस्कारा सोडला.

"इथं एकाची साखर वाढलीय," ती म्हणाली.

जो तो आपल्या ताटाकडं बघायला लागला.

"मी नाव घेणार नाही. मला कानबाईची शपथ आहे. पण आकडा चांगलाच वर गेलाय, आणि माता समोर बसलेली असताना मी कुणाचा जीव धोक्यात घालणार नाही. ज्याला साखर आहे, त्यानं आता गुपचूप उठायचं आणि गच्चीवर फेऱ्या मारायला लागायचं. कोणी काही विचारणार नाही. उठा."

अप्पांनी डोळे मिटले. जन्मभराची अब्रू एकीकडं आणि जीव दुसरीकडं. पण नर्सनं सांगितलं म्हणजे सांगितलं, आणि शेवटी त्या पोरीनं त्यांच्यासाठी एवढी शपथ पाळली होती. त्यांनी मन घट्ट केलं, टोपली खाली ठेवली आणि पहिलं पाऊल टाकलं. भाऊबंद आता काय म्हणतील, कोण पहिला हसेल, ह्या विचारात त्यांनी डोळे उघडले.

पुढची अख्खी रांग उभी होती.

सुपडू उभा. दाढ विसरून विठ्ठल उभा. ॲसिडिटी विसरून गणेश उभा. आणि जिमवाला योगेश तर सगळ्यांच्या पुढं, फेरीचं पहिलं वळण घेऊन कठड्यापर्यंत पोचलासुद्धा होता. मग प्रत्येकाच्या लक्षात आलं की आपण एकटे नाही. सगळे जागच्या जागी थांबले.

"तू?" अप्पा सुपडूला म्हणाले.

"तू?" सुपडू अप्पांना म्हणाला.

"तुला कधीपासून?"

"होळीपासून. अन् तुला?"

"चैत्रापासून." अप्पांनी विठ्ठलकडं बघितलं. "अन् तुझी दाढ?"

"दाढ बरी शे," विठ्ठल पुटपुटला.

"पण मग बोलला का नाहीस रे?" अप्पा आता खरोखरच चिडले. "सख्खे चुलतभाऊ आपण! एवढी गोष्ट लपवायची?"

"बोलणार कसं?" सुपडूही भडकला. "बारशात कोण म्हणे, ज्याला साखर झाली तो कामचोर? मी साखर कारखान्यात, रोज पोत्यांच्या बाजूला उभा राहणारा माणूस. मला साखर झाली हे तुला सांगितलं असतं, तर तू मला चलथाणला राहू दिलं असतं का? गेलो गपचूप जयश्रीकडं. म्हटलं, बेटा, तुझ्या सासऱ्याला सांगू नको. शपथ घातली."

"मी पण घातली," गणेश म्हणाला.

"मी पण."

"मी तर पाया पडून घातली काका," योगेश म्हणाला.

सगळ्यांनी जयश्रीकडं बघितलं. बिचारी दारात मोबाइल धरून उभी होती. एकाच मोबाइलमध्ये सगळ्या भाऊबंदकीची साखर, आणि तोंडावर तेवढ्याच शपथांची कुलपं! अप्पांना आत्ता कळलं, हिचा फोन दिवसातून तीन-चारदा का वाजायचा.

"सगळे फेऱ्या मारा आधी," जयश्री म्हणाली. "भांडण चालता चालता करा."

मग काय, कानबाईच्या दिवशी उतरत्या उन्हात निंबाअप्पांच्या गच्चीवर भाऊबंदकीची फेरी निघाली. पुढं योगेश, मागं सगळे काका, सगळ्यांच्या तोंडावर एकच प्रश्न. रोटाचं काय? सूर्य मावळतीकडं कलला होता. दिवे लागायला काही फार वेळ उरला नव्हता.

"आपल्यापैकी कोण खाणार आता?" गणेश म्हणाला. "अन् हाई माप कोनी काढं?"

फिरता फिरता सगळ्यांनी अप्पांकडं बघितलं.

एवढ्यात प्रमिलाबाई गच्चीवर आल्या, पाठोपाठ खालच्या सगळ्या बायका. सकाळपासून चुलीसमोर उभ्या राहून घामाघूम झालेल्या. प्रमिलाबाईंनी टोपल्यांची रांग बघितली, गोल गोल फिरणारे पुरुष बघितले, आणि पदरानं तोंड पुसलं.

"झालं तुमचं?" त्या म्हणाल्या.

"प्रमिला, घोटाळा झालाय."

"माले समजनं. जिन्यात उभी होते. आता मी काय विचारते ते सांगा. माप पुरुषांच्या नावानं, बरोबर? पण खायचं कोणी?"

"भाऊबंदकीनं."

"मग आम्ही काय वाटेवरच्या आहोत का?"

घरच्या बायकांनीही रोट खायचा, तशी रीत होती खरी. पण दरवर्षी पुरुषांच्या पंगती उठेपर्यंत पोळ्या संपत आलेल्या असत, आणि बायकांच्या वाट्याला थंड झालेल्या, कडा वाळलेल्या दोन-चार उरत. त्याही त्या उभ्या उभ्या, परातीच्या काठावर खाऊन घेत. गरम पोळीवर तूप घालून पंगतीत बसलेली बाई अप्पांनी ह्या घराण्यात कधी पाहिली नव्हती.

"बसा गं सगळ्या!" प्रमिलाबाईंनी हाक दिली. "पुढच्या रांगेत बसा. अन् ओ, तुम्हाला वाढायची लई हौस होती ना मघापासून? वाढा. पण ह्या गार झालेल्या आधी तव्यावर गरम करून आणा."

अशी पंगत त्या घराण्यात पूर्वी झाली नव्हती. योगेश तव्यासमोर उभा राहिला, विठ्ठल पोळ्या उलटायला, गणेश तूप घेऊन, आणि अप्पा आणि सुपडू टोपल्या घेऊन जिन्यातून वर-खाली. आणि बायकांनी खाल्लं हो! हसून खाल्लं, गप्पा मारत खाल्लं, एकमेकींच्या ताटात टाकून खाल्लं. इथं एकही पोळी फिरून माघारी येत नव्हती. "अप्पा, इकडं तूप!" "काका, गरम आणा, ही नको!" जयश्रीनं तर एकामागून एक अशा फस्त केल्या, की ललित कौतुकानं बघतच राहिला.

सुपडूची बायको अनुसया मात्र दोन पोळ्या खाऊन थांबली. अप्पा टोपली घेऊन तिच्यापुढं उभे राहिले. "अनुसया, आखो एक ले."

"नको अप्पा. माले बी साखर शे."

सुपडूच्या हातातली टोपली तिथंच राहिली. "तुला? कधीपासून?"

"सहा वर्षं झाली."

"अन् मला सांगितलं नाहीस?"

"लपवलं कुठं? गोळ्या रोज देवघरातल्या डबीतून घेते, तुमच्यासमोर," अनुसया शांतपणे म्हणाली. "तुम्ही कधी विचारलं नाही, ह्या कसल्या म्हणून."

सुपडू खाली बघायला लागला. अप्पाही खाली बघायला लागले, कारण प्रमिलाबाई रोज सकाळी कसली तरी गोळी घ्यायच्या, आणि ती कसली हे त्यांनाही माहीत नव्हतं. रात्री विचारायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं आणि घाईघाईनं पुढच्या ताटाकडं सरकले.

दिवेलागणीच्या थोडं आधी शेवटची पोळी संपली. योगेशच्या आईनं परातीतला चुरासुद्धा तूप लावून खाल्ला. सगळ्या टोपल्या पालथ्या. तांब्याचं माप होतं, तरी रोट फत्ते झाला होता! अप्पांची छाती पुन्हा फुगली. "बघितलं?" ते म्हणाले. "मी म्हटलं नव्हतं, आपण चिड्या नाही म्हणून? पुढच्या सालीसुद्धा रोट माझ्याकडंच, अन् तांब्यानंच!"

एवढं बोलले आणि त्यांना दरदरून घाम फुटला. हात थरथरायला लागले. गच्ची जरा डावीकडं कलल्यासारखी वाटली. तेवढ्यात मोबाइल वाजला, टिंव टिंव टिंव, पण ह्या वेळी सूर वेगळा.

जयश्री धावत आली. "अप्पा, खाली बसा! तुमची साखर उतरलीय. सकाळपासून काय खाल्लंय?"

"एक तुकडा."

"आणि गोळी?"

"घेतली ना. वेळेवर."

"उपाशीपोटी गोळी, त्यावर दिवसभर जिना!" जयश्रीनं कपाळाला हात लावला. "मम्मी, गूळ आणा, लवकर!"

प्रमिलाबाईंनी गुळाचा चांगला मोठा खडा आणून अप्पांच्या हातावर ठेवला, वर साखर घातलेल्या पाण्याचा पेला. अप्पांनी खडा तोंडात टाकला. जयश्री त्यांच्या मनगटावर हात ठेवून पडद्याकडं बघत बसली. हळूहळू हात स्थिर झाले, गच्ची सरळ झाली.

"एक विचारू?" अप्पा गूळ चघळत हळूच म्हणाले. "दुपारी वाढली होती, ती माझीच ना?"

"तुमची कुठं? तुमचा आकडा तर दिवसभर वर गेलाच नाही," जयश्री म्हणाली. "वाढली होती एकाचीच. बाकी तुम्ही सगळे उगाचच उभे राहिलात."

अप्पांनी चघळणं थांबवलं. म्हणजे नुसतं गप्प उभं राहिलं असतं, तर कुणाला काही कळलं नसतं! ते जोरात ओरडणार होते, पण जयश्रीनं दुसरा खडा पुढं केला. "हाही खा. अजून पाच मिनिटं बघू, मग जेवायला वाढते."

अप्पांनी तोही घेतला. चैत्रानंतरचा पहिला गूळ. जिभेवर ठेवून त्यांनी डोळे मिटले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं, की पत्र्याखाली ओळीनं बसलेल्या सगळ्या भाऊबंदांचं बोलणंच बंद पडलं. दिवसभर पुरणपोळीसमोर तोंड मिटून बसलेली ती माणसं आता टक लावून अप्पांच्या हलणाऱ्या गालाकडं बघत होती. शेवटी सुपडूला राहवेना. त्यानं शर्टाची बाही वर करून चकती चिकटवलेला दंड पुढं केला आणि जयश्रीच्या अगदी जवळ सरकून बसला.

"बेटा जयश्री," तो लाडानं म्हणाला, "मनी साखर बी जरा उतारी दे ना."